सेंट्रल लाइनचे प्रशिक्षण : पहिली सुई कोणाच्या मानेत?

विशेष प्रतिनिधी

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसमोर सह्यांसाठी जे कागद ठेवले जातात, त्यांत ‘सेंट्रल लाइन’च्या संमतिपत्राचा समावेश बहुधा असतो. हाताला लावलेल्या साध्या सलाइनहून ही नळी वेगळी. मानेतून किंवा कॉलरबोनखालून ती मोठ्या शिरेत शिरते आणि हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत ती टाकणारा हात अनेकदा निवासी डॉक्टरचा, म्हणजे शल्यचिकित्सा, मेडिसिन वा भूलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचा असतो. तो हे काम कोठे शिकला आणि आपला रुग्ण त्याचा कितवा, हे विचारण्याच्या मनःस्थितीत नातेवाईक नसतात. गेल्या दोन-अडीच दशकांत वैद्यकशास्त्राने हा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारला आणि त्याला मिळालेले उत्तर अस्वस्थ करणारे होते.

नळीची गरज कशासाठी?

रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला नॉरॲड्रिनॅलिनसारखी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. ती हाताच्या बारीक शिरेतून बाहेर पाझरली तर आजूबाजूची कातडी व मांस मरते. आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तोंडाने खाणे अशक्य झालेल्या रुग्णाला शिरेतून दिले जाणारे दाट पोषणद्रव्यही लहान शिरा सोसू शकत नाहीत. तातडीचे डायलिसिस, काही प्रकारची केमोथेरपी, हाताच्या शिराच सापडत नाहीत असे भाजलेले वा सुजलेले रुग्ण, ही आणखी काही कारणे. शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला म्हणूनच हे कौशल्य टाळता येत नाही.

या उपचाराचा इतिहासही एका शिकाऊ शल्यचिकित्सकापासूनच सुरू होतो. १९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने वरिष्ठांचा नकार डावलून स्वतःच्याच हाताच्या शिरेतून रबरी नळी हृदयापर्यंत सरकवली आणि त्याच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. १९५६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पुढे १९५२ मध्ये रोबेर ओबानियाक या फ्रेंच शल्यचिकित्सकाने कॉलरबोनखालच्या शिरेचा मार्ग दाखवला, तर १९५३ मध्ये स्वेन-इव्हार सेल्डिंगर या स्वीडिश क्ष-किरणतज्ज्ञाने सुईतून तार आणि तारेवरून नळी ही युक्ती प्रसिद्ध केली. आजही जगभर सेंट्रल लाइन याच युक्तीने टाकली जाते. तंत्रज्ञान सत्तर वर्षांत कितीही बदलले तरी सुई, तार, डायलेटर आणि नळी हा क्रम बदललेला नाही.

अंदाजाची सुई

मान एका बाजूला वळवली की कानामागून छातीकडे उतरणारा एक ताठ स्नायू दिसतो. खाली त्याचे दोन पाय होतात आणि कॉलरबोनसह एक त्रिकोण तयार होतो. या त्रिकोणाच्या टोकाशी बोटाने कॅरोटिड धमनीचा ठोका चाचपायचा, त्याच्या बाहेरच्या अंगाला सुई टोचायची आणि तिचा रोख त्याच बाजूच्या स्तनाग्राकडे ठेवायचा, अशी जुनी रीत. इंटर्नल जुगुलर ही मोठी शीर तेथे असते, म्हणजे बहुतेक माणसांत असते. काहींमध्ये ती अगदी बारीक असते, काहींमध्ये थेट धमनीच्या पुढे येऊन बसते, तर पूर्वी नळ्या टाकलेल्या रुग्णात ती गुठळीने बंदही असू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीही कळत नाही.

चुकीची किंमतही लहान नसते. सुई कॅरोटिडमध्ये गेली तर मानेत रक्त साचते. फुप्फुसाच्या आवरणाला लागली तर छातीत हवा भरते आणि फुप्फुस आकसते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, आजही विद्यार्थ्यांना वाचायला सांगितल्या जाणाऱ्या आढावा लेखानुसार सेंट्रल लाइन टाकलेल्या १५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत या ना त्या स्वरूपाची गुंतागुंत आढळत होती. ५० किंवा अधिक नळ्या टाकलेल्या डॉक्टरच्या हातून यांत्रिक इजा होण्याचा संभव त्याहून कमी अनुभव असलेल्याच्या तुलनेत निम्मा होता. तीन वेळा टोचूनही शीर न सापडल्यास इजेचे प्रमाण पहिल्याच प्रयत्नात यश मिळण्याच्या तुलनेत सहापट होत होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप उभा राहतो : पहिल्या ४९ रुग्णांनी काय करायचे?

शल्यचिकित्सेच्या शिक्षणात ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ ही परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आली. धाडसाचे बाळकडू म्हणून तिचे कौतुकही झाले. तिचा हिशेब मात्र कोणाच्या तरी मानेवर चुकता होत असे, याचा उल्लेख त्या कौतुकात सहसा नसतो.

पडद्यावरचे दोन काळे गोल

सोनोग्राफीने यातला अंदाज काढून टाकला. मानेवर आडवा प्रोब धरला की पडद्यावर दोन काळे गोल दिसतात. एक धडधडतो आणि दाबला तरी गोलच राहतो, ती धमनी. दुसरा हलक्या दाबानेही चपटा होतो आणि रुग्णाचे डोके खाली केले की फुगतो, ती शीर. शीर किती खोल आहे, केवढी आहे, आत गुठळी आहे का, हे सुई हातात घेण्यापूर्वीच समजते. दाबूनही चपटी न होणारी शीर दिसली तर ती बाजू सोडून दुसरी बाजू पाहायची.

अमेरिकेतील आरोग्य संशोधन यंत्रणेने २००१ मध्ये रुग्णसुरक्षेच्या ७९ उपायांची छाननी केली, तेव्हा सर्वाधिक भक्कम पुरावा असलेल्या ११ उपायांत सोनोग्राफीच्या मदतीने सेंट्रल लाइन टाकण्याचा समावेश होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००२ मध्ये मानेतील शिरेसाठी हीच पद्धत पसंतीची म्हणून सुचवली. २००६ मध्ये अथेन्समधील डॉक्टरांनी ९०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांत जुन्या खुणांच्या आधारे, तर निम्म्यांत सोनोग्राफीने नळी टाकली गेली. कॅरोटिडला सुई लागण्याचे प्रमाण पहिल्या गटात १०.६ टक्के, तर दुसऱ्यात १.१ टक्के होते. छातीत हवा भरण्याची घटना पहिल्या गटात २.४ टक्के रुग्णांत घडली, दुसऱ्यात एकाही नाही. सुई टोचणारे डॉक्टर अनुभवी होते, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. अनुभवी हातांनाही यंत्राने एवढी मदत केली, तर नवख्यांना ते तारूनच नेईल, असा समज त्यातून होणे स्वाभाविक होते.

सुईचे टोक हरवते तेव्हा

तो समज फार काळ टिकला नाही. २००९ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या २५ निवासी डॉक्टरांना एका पुतळ्याच्या मानेत, सोनोग्राफी पाहत, सुई टोचायला सांगितले गेले. त्यांची सुई नेमकी कोठे जाते, हे स्वतंत्रपणे टिपले जात होते. २५ पैकी १६ जणांची सुई शिरेच्या मागच्या भिंतीतूनही पार झाली आणि काहींची थेट कॅरोटिडमध्ये जाऊन थांबली. प्रत्येकाच्या समोर पडदा होता आणि पडद्यावर शीर स्पष्ट दिसत होती.

असे का घडावे? आडवा प्रोब शरीराचा एक पातळ काप दाखवतो, काकडीची एक चकती दाखवावी तसा. सुई त्या चकतीला जेथे छेदते तेथे पडद्यावर पांढरा ठिपका दिसतो. हा ठिपका सुईचे टोक असेल किंवा सुईचा मधला दांडाही असेल. दिसायला दोन्ही सारखेच. नवखा डॉक्टर ठिपका शिरेच्या वर पाहतो, सुई आणखी पुढे ढकलतो, ठिपका जागचा फारसा हलत नाही, म्हणून तो आणखी ढकलतो. तोवर टोक केव्हाच शिरेपलीकडे गेलेले असते. यंत्राने शीर दाखवली, टोक दाखवण्याचे काम मात्र हातालाच करावे लागते, आणि सेंट्रल लाइनच्या आजच्या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे नेमके हेच.

यासाठी शिकवली जाणारी कृती सांगायला सोपी आहे. ठिपका दिसला की सुई थांबवायची. प्रोब किंचित पुढे न्यायचा, म्हणजे ठिपका नाहीसा होतो. मग सुई तेवढीच पुढे सरकवायची, ठिपका पुन्हा उगवतो. जो नुकताच उगवला तो ठिपका म्हणजे टोक. असे मिलीमीटर-मिलीमीटर करत शिरेच्या आत पोहोचायचे. दुसरा मार्ग प्रोब शिरेच्या लांबीला समांतर धरण्याचा. त्यात सुई टोकापासून मागपर्यंत अखंड रेषेसारखी दिसते, परंतु डावा हात जरासा घसरला तर पडद्यावरील शिरेच्या जागी शेजारची धमनी येते आणि ते कळतही नाही. कोणता मार्ग सरस याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. दोन्ही यावेत, हा व्यवहार्य तोडगा.

शिकवणारे सांगतात त्या चुका ऐकल्या तर त्या सायकल शिकणाऱ्याच्या चुकांसारख्या वाटतात. डोळे पडद्याऐवजी स्वतःच्या हाताकडे जातात. प्रोब उलटा धरला गेल्याने सुई डावीकडे नेली की ठिपका उजवीकडे पळतो. प्रोब इतका दाबून धरला जातो की शीरच मिटून जाते आणि मग ‘शीर दिसत नाही’ अशी तक्रार होते. यांपैकी एकही चूक पुस्तक वाचून सुटत नाही आणि यांपैकी एकही चूक रुग्णाच्या मानेवर व्हायला नको.

शिकागोचा धडा

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जेफ्री बार्सुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याची नोंद घ्यायलाच हवी. तेथे निवासी डॉक्टरांची आधी पुतळ्यावर परीक्षा घेतली गेली. हात धुण्यापासून अखेरच्या टाक्यापर्यंतच्या कृतींची २७ कलमी यादी हाती घेऊन परीक्षक शेजारी उभा. नंतर दोन-दोन तासांची दोन सत्रे झाली : चित्रफीत, सोनोग्राफीचा सराव आणि चुकेल तेथे लगेच थांबवून दुरुस्ती. पुन्हा परीक्षा. ठरवून दिलेले किमान गुण न मिळाल्यास आणखी सराव आणि आणखी एक परीक्षा. उत्तीर्ण झाल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. किती तास शिकलात याला येथे महत्त्व नव्हते. काही जणांना कमी वेळ लागला, काहींना जास्त. शेवटी सगळ्यांना एकाच उंबरठ्यावर यावे लागले.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार असे शिकलेले डॉक्टर रुग्णाला कमी वेळा टोचत होते आणि धमनीला कमी वेळा इजा करत होते. त्याहून लक्षणीय म्हणजे, त्या अतिदक्षता विभागातील नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचे प्रमाण नळीच्या दर हजार दिवसांमागे ३.२ वरून ०.५ वर आले. सुई नीट टोचण्याचा संसर्गाशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. परंतु परीक्षेत संपूर्ण शरीर झाकणारी निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे, प्रोबवर निर्जंतुक आवरण चढवणे, यांनाही गुण होते. हाताला एकदा लागलेले वळण मध्यरात्रीही टिकते.

या मंडळींनी २०१६ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अनुभवी, वरिष्ठ डॉक्टरांनाही हीच परीक्षा द्यायला लावली. बहुसंख्य वरिष्ठ अनुत्तीर्ण झाले. शल्यचिकित्सेच्या विभागात वरिष्ठतेला जो मान आहे त्याच्याकडे पाहता, हे निष्कर्ष प्रसिद्ध करायला धैर्य लागले असणार. कारण हेच वरिष्ठ उद्या कनिष्ठांना शिकवणार असतात, आणि त्यांनी सोडलेली पायरी पुढच्या पिढीत आपोआप गाळली जाते.

आपल्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्याला लॉगबुक ठेवावे लागते. कोणती प्रक्रिया पाहिली, कोणतीत साहाय्य केले, कोणती स्वतः केली, याची तारीखवार नोंद आणि मार्गदर्शकाची स्वाक्षरी त्यात असते. व्यवस्था चांगली आहे, परंतु लॉगबुक मोजते ते आकडे. पाचव्या प्रयत्नात, तिघांच्या हातांतून गेल्यानंतर लागलेली नळी आणि पहिल्याच सुईत लागलेली नळी यांची नोंद त्यात एकाच ओळीत बसते.

इसबगोल आणि जिलेटिन

प्रशिक्षणाला पैसा लागतो, ही सबब अर्धीच खरी आहे. सोनोग्राफीत दिसेल अशी मानेची तयार प्रतिकृती महाग असते आणि तिचा आतला ठोकळा असंख्य सुयांनी चाळणी झाला की तोही बदलावा लागतो. साध्या प्लास्टिकच्या पुतळ्याचा येथे उपयोग नाही, कारण ध्वनिलहरी त्यातून नीट पार होत नाहीत. मात्र घट्ट जिलेटिनमध्ये इसबगोलाचा भुसा मिसळला तर पडद्यावर मांसासारखा करडा पोत दिसतो. त्यात पाण्याने भरलेली पातळ रबरी नळी पुरली की झाली शीर. कोंबडीच्या छातीच्या मांसात अशीच नळी घालूनही सराव होतो. नळीत रंगीत पाणी भरले तर सुई बरोबर लागल्याचे पिचकारीत लगेच दिसते. अशा ठोकळ्यावर टोक शोधण्याचा सराव शंभर वेळा करता येतो आणि खर्च नाश्त्याएवढा. भारतात २०१९ पासून एमबीबीएसला कौशल्याधारित अभ्यासक्रम लागू झाला, पाठोपाठ महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळाही बंधनकारक झाल्या. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सेंट्रल लाइन शिकवण्यासाठी जागा त्यामुळे उपलब्ध आहे. तेथे नेऊन परीक्षा घेणारा शिक्षक मिळणे, ही खरी अडचण.

दुसरी अडचण खास आपल्या देशातील. सोनोग्राफी यंत्र गर्भलिंगनिदानासाठी वापरले जाऊ नये म्हणून १९९४ चा कायदा आहे. तत्पूर्वीच, १९८८ मध्ये, महाराष्ट्राने या विषयावर देशात पहिला कायदा केला. २००३ मधील दुरुस्तीने तो देशव्यापी कायदा अधिक कडक झाला. यंत्राची नोंदणी समुचित प्राधिकाऱ्याकडे करावी लागते. २०१२ मध्ये नियमांत झालेल्या बदलानुसार हलवता येण्याजोगे यंत्र नोंदणी झालेल्या वास्तूच्या आत, दाखल रुग्णांच्या सेवेसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. घटलेल्या मुलींच्या संख्येकडे पाहता ही कठोरता अनाठायी म्हणता येणार नाही. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेशेजारी नोंदणीकृत यंत्र ठेवण्यास कायदा आडही येत नाही. मात्र कागदपत्रांच्या धास्तीने एकच यंत्र क्ष-किरण विभागात कुलपात राहिले, तर रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरच्या हाती पुन्हा बोट, त्रिकोण आणि अंदाजच उरतो. त्यामुळे, आणि यंत्र कधीही बंद पडू शकते म्हणूनही, जुन्या खुणांची पद्धत अभ्यासक्रमातून काढून टाकता येत नाही.

तार दिसल्याखेरीज पुढे नाही

सुई शिरेत गेली, पिचकारीत रक्त आले, म्हणजे काम फत्ते झाले असे नवख्याला वाटते. वास्तविक सर्वांत धोकादायक पायरी पुढेच असते. रक्ताच्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. रक्तदाब खालावलेल्या, प्राणवायू कमी पडलेल्या रुग्णाचे धमनीतील रक्तही काळपट दिसते आणि संथ येते. म्हणून सुईतून तार सरकवल्यावर पुन्हा प्रोब ठेवायचा, तार शिरेच्याच आत आहे हे आडव्या आणि उभ्या दोन्ही चित्रांत पाहायचे आणि मगच डायलेटर हाती घ्यायचा. बारीक सुईने धमनीला पडलेले छिद्र दाबून धरले तर बहुधा बंद होते. डायलेटरने पडलेले होत नाही. जाड नळी धमनीत गेलीच तर ती तशीच ठेवून रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला बोलावायचे असते. घाईघाईने ओढून काढल्यास जीवघेणा रक्तस्राव किंवा पक्षाघात होऊ शकतो. हे ऐन वेळी आठवावे लागू नये म्हणून पुतळ्यावरच्या सरावात हा प्रसंग मुद्दाम उभा केला जातो.

तार फार आत गेली तर हृदयाला टेकते आणि मॉनिटरवर ठोके चुकताना दिसतात, तेव्हा ती थोडी मागे घ्यायची. तारेचे बाहेरचे टोक एका क्षणासाठीही हातातून सोडायचे नाही. तार संपूर्ण आत निघून गेल्याच्या घटना जगभरच्या रुग्णालयांत नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांत बहुधा डॉक्टर एकटा, घाईत व कोणाच्याही देखरेखीविना होता. म्हणूनच तार बाहेर काढल्यावर ती शेजारच्या सिस्टरला दाखवून मोठ्याने ‘तार बाहेर’ म्हणण्यासारखी शिस्त लावणे इष्ट. नळीचे टोक वरच्या महाशिरेच्या शेवटाशी आहे की नाही आणि फुप्फुस शाबूत आहे की नाही, हे त्यानंतरच्या छातीच्या क्ष-किरण चित्रात तपासले जाते.

मिशिगन राज्यातील शंभरावर अतिदक्षता विभागांत पीटर प्रोनोव्होस्ट यांनी राबवलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोहिमेत पाच साध्या नियमांनी नळीचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर आटोक्यात आला. त्यांतील पाचवा नियम गरज नसलेली नळी काढून टाकण्याचा होता. दररोजच्या राउंडला ‘ही नळी आज हवी आहे का?’ हा प्रश्न कनिष्ठ डॉक्टरने विचारावा, अशी अपेक्षा असते. आणि काढण्याचेही शिक्षण लागते. रुग्णाला उताणे निजवून, शक्य असल्यास डोके किंचित खाली ठेवून, त्याला श्वास सोडायला किंवा रोखायला सांगून नळी ओढायची, लगेच त्या जागी दाब द्यायचा आणि हवाबंद पट्टी लावायची. बसलेल्या रुग्णाची नळी काढली तर श्वास घेताना त्या छिद्रातून हवा थेट शिरेत ओढली जाऊ शकते. ही पायरी बहुतेक ठिकाणी सर्वांत कनिष्ठ डॉक्टरकडे, कोणतीही परीक्षा न घेता, सोपवली जाते.